मागून येणारा डोंगा

आमच्या घाटावर डोंगा हाकणाऱ्या बुधाजीभाऊंनी आम्हाला काठाला लावलं, हे आधी लिहून टाकते. त्यांच्यासोबत त्यांच्या घरच्या सकुबाई होत्या, त्यांनीही. काय झालं, कसं झालं, ते सांगायला मला वेळ लागतो. एक तर माझी शाळा नववीपर्यंतची, त्यातही नववी अर्धीच. दुसरं म्हणजे दिवाळीनंतरच्या या दिवसांत मी इतकी थकलेली असते की संध्याकाळी भाताचं पातेलं गॅसवर ठेवते, तिथंच भिंतीला टेकते आणि पाणी उतू जाईपर्यंत उठत नाही.

इथं म्हणजे सह्याद्रीतल्या एका धरणावर. माझा नवरा इथल्या बोटिंगच्या ठिकाणी इंजिनं दुरुस्त करतो आणि मी धक्क्यावर असते. लोकांना जॅकेट घालायचं, पट्टा ओढून पाहायचा, हात धरून बोटीत उतरवायचं, परत आले की हात धरून वर घ्यायचं. सुट्ट्यांत हे सकाळी सुरू होतं ते ऊन डोंगरामागे जाईपर्यंत. घरी आल्यावर जमीन स्थिर असते, पण माझे पाय डुलत राहतात. आणि गेल्या वर्षीपर्यंत जी काळजी फक्त इथल्या बोटींची होती, ती यंदा गावाकडच्या बोटीचीही लागली.

माझा भाऊ दिनेश गावी मासेमारांच्या संस्थेत आहे. सावली तालुक्यात, वैनगंगेच्या काठी आमचं गाव. गावाला लागून जुना मोठा तलाव, शिंगाड्यांचा आणि मासोळीचा. त्या तलावात सहलीला येणाऱ्या कुटुंबांसाठी बोट ठेवायची, असं संस्थेनं ठरवलं. कोणती ठेवायची यावरून दोन तट पडले, आणि दिनेशनं बैठकीत सांगून टाकलं की माझी बहीण धरणावर बोटीच्याच कामात आहे, ती म्हणेल ते. मग मला फोटो पाठवले. एका फोटोत एक मोठी पोंटून बोट, दुसऱ्यात तशाच लहान दोन.

"ताई, मोठीच सांगजो," तो फोनवर म्हणाला. "सोफा आहे, गाणे आहेत, वर छत आहे. दोन-तीन घरचे सगळे एकाच वेळी बसते. लहान दोन घेतल्या तं लोक म्हणतीन, हे काय, बैलजोडी घेऊन आले का?"

"तुले मोठीच पायजे तं मले काऊन इचारतं?"

"तू सांगितलं म्हणजे भांडण मिटते. अन् दुसरं सांगू का? माय बसतो म्हणाली."

आमची माय, मी नववीत होते त्या हंगामापासून, पाण्यावर गेलेली नाही. नदीवर पूल झाल्यावरही ती बसच्या आतल्या बाजूला बसते आणि पूल संपेपर्यंत डोळे मिटून घेते.

"बसतो म्हणाली," दिनेश सांगत होता, "पण तिची अट आहे. सगळं घर एकाच बोटीत पायजे. तू, मी, जावई, लेकरं, सगळे. मंगच बसतो म्हणते. आता लहान बोटीत एवढे बसतीन का? तूच सांग. आयतवारी बैठक आहे."

पोंटून बोट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली ॲल्युमिनियमचे लांबलचक बंद पिपे, शेजारी शेजारी, त्यांच्यावर सपाट तळ. भोवती कठडा, वर छत, आत गाद्या. ती नाव कमी आणि बैठकीची खोली जास्त वाटते. म्हातारी माणसं तीत न वाकता चढतात, बाळाची गाडी सरळ आत जाते, डबे उघडून मधोमध जेवता येतं. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं. नवऱ्याला म्हटलं, हा तर आपला जोडडोंगा.

आमच्या घाटावर बुधाजीभाऊ दोन डोंगे शेजारी ठेवून त्यांच्यावर आडवे बांबू टाकत, अंबाडीच्या दोरानं आवळत आणि वर तट्ट्या अंथरत. एकेक डोंगा म्हणजे एकेक कोरलेलं झाड, एकटा असला की मांजरासारखा अंग चोरणारा, पण जोडला की म्हशीसारखा शांत. जोडडोंग्यावरून सायकली जात, शेळ्या जात, एकदा नवरीचं कपाट गेलं होतं आणि त्याच्या आरशात सगळी नदी उलटी चालली होती. माणसं मात्र एकेकट्या डोंग्यात बसत, कारण जोडडोंगा बांधायला सोडायला वेळ लागे आणि मंडईच्या दिवसांत वेळ कोणालाच नसे.

मंडईचे दिवस. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून बांधीत पिवळं उभं. खळ्यावर पुंजणी रचलेली, त्यांचा तो कोरडा गोडसर वास कपड्यांतून जात नाही. हातांना धानाच्या कुसांची खाज. नदीचं पाणी उतरायला लागलेलं, मधे वाळूची पाठ वर आलेली, पण पलीकडच्या अंगाला डोह तसाच खोल. सकाळी पाण्यावरून वाफ उठे आणि तिच्यातून बुधाजीभाऊंचा डोंगा हाकायचा बांबू आधी दिसे, माणूस नंतर. मी रोज त्या बांबूकडे पाहत घाटावर उभी राहायची. आठवीपर्यंत शाळा गावात होती, नववी पलीकडे. दप्तर डोक्यावर घेऊन बसायचं, म्हणजे बुडाला पाणी लागलं तरी पुस्तकं कोरडी. गणिताची मला भीती होती, पाण्याची नव्हती. आता बरोबर उलटं आहे. धक्क्यावर उभी राहून मी दिवसभर माणसं मोजते, गेली किती, आली किती, आणि पाण्याकडे पाठ करायची हिंमत होत नाही.

घाटाची एक रीत होती. एका घरची सगळी माणसं बुधाजीभाऊ एका डोंग्यात बसवत नसत. माय इकडे तर बाप तिकडे, एक लेकरू या डोंग्यात, एक त्या. मंडईला नटूनथटून आलेल्या बायका रागावत. "भाऊ, घरी भांडण लावता का आमच्या?" ते बांबू टेकून म्हणत, "तुमच्या घरी लावाले मी कायले पायजे बाई?" आणि नवऱ्याला उचलून दुसऱ्या डोंग्यात बसवल्यासारखंच करत. माझी आजी सांगायची, एखादा डोंगा बुडालाच तर घरी दिवा लावायला कोणीतरी उरावं, म्हणून ही रीत. मला ते लहानपणी फार भयंकर वाटायचं. मंडईला जाताना मी बाबांच्या डोंग्यात बसले की मायच्या डोंग्याकडे पाहायचीच नाही. वाटायचं, पाहिलं तर हिशेब सुरू होईल, उरणारं कोण.

त्या वर्षी मंडईतून परत येताना ऊन कलतं होतं. मायनं खळ्यासाठी नवं सूप घेतलं होतं, ते माझ्याकडे दिलं होतं. तिच्याकडे दिनेश होता, तेव्हा मांडीवर मावणारा, आणि ऊस होता, आणि कागदात बांधलेली जिलेबी. माय आणि दिनेश सकुबाई हाकत होत्या त्या डोंग्यात. बाबा आणि मी बुधाजीभाऊंच्या डोंग्यात, मागे. आणखी एक डोंगा होता, त्यात कोणाकडे तरी आलेले पाहुणे. त्यांचं सगळं कुटुंब एकत्र. भाऊंनी त्यांनाही दोन डोंग्यांत बसायला सांगितलं होतं, पण त्यांचा एक जावई हसत म्हणाला, "आम्ही काही कोणाला टाकून जात नसतो." भाऊ म्हणाले, "बसा बापा," आणि भाऊंचा पुतण्या तो डोंगा हाकायला बसला.

डोहाच्या तोंडाशी पाण्याखाली एक खोड होतं. पुरात आलेलं असावं. सकाळी जाताना कोणालाही लागलं नाही. सकुबाईंचा डोंगा त्याच्यावर चढला, एक अंग वर गेलं, आणि मग मोठा आवाजसुद्धा झाला नाही. फक्त मायचं लुगडं पाण्यावर फुगलेलं दिसलं आणि आजूबाजूला ऊस तरंगायला लागला.

पाहुण्यांचा डोंगा जवळ होता. आमच्यापेक्षा पुष्कळ जवळ. त्यातली माणसं ओरडायला लागली, काठाला घ्या, काठाला घ्या, आमची लेकरं आहेत. पुतण्या कोवळा होता, घाबरला, त्यानं डोंगा काठाकडे वळवला. आम्ही खूप मागे होतो. बाबा उभे राहिले तसे भाऊ त्यांच्यावर खेकसले, "बस खाली! तू पडला तं मी कोणाकोणाले काढू?" त्यांच्या बांबूचा वाळूत खुपसण्याचा आवाज तेवढा येत होता, आणि डोह आल्यावर तोही बंद झाला, कारण बांबूला तळच लागेना. मग ते वल्हं मारायला लागले. बाबा दोन्ही हातांनी पाणी ओढत होते. माझ्या हातात सूप होतं. मी सुपानं वल्हवलं.

सकुबाईंनी एका हातानं उलटा डोंगा धरला होता आणि दुसऱ्या हातानं दिनेशची मान वर. मायला पोहता येत नव्हतं, तिनं सकुबाईंचा पदर धरला होता. भाऊंनी बांबू पुढे केला. मायनं तो धरला, पण दिनेशला वर घेईपर्यंत ती स्वतः वर यायला तयार होईना. बाकीच्या बायका उलट्या डोंग्याला धरून होत्या, त्यांनाही एकेक करून घेतलं. आमचा डोंगा काठोकाठ पाण्यात गेला तेव्हा भाऊ स्वतः खाली उतरले आणि पोहत, ढकलत आम्हाला काठाला लावलं. काठावर सकुबाई आधी हसल्या. म्हणाल्या, "जिलेबी गेली ना वं माय!" मग रडल्या.

वल्हवताना सुटलेली त्या सुपाच्या काठाची काड त्या हंगामात तशीच राहिली. पाखडताना धान एका बाजूनं सांडायचं. माय ते गोळा करायची. शाळा उघडली त्या सकाळी मी दप्तर घेतलं तशी ती दारात उभी राहिली.

"नाई जायचं."

बुधाजीभाऊ घरी आले. अंगणात बसले, पोपटाच्या शेंगा सोलत असलेल्या मायला म्हणाले, "बाई, पोरगी हुशार आहे. मी तिले माह्याच डोंग्यात पोहोचवून देतो, माह्याच डोंग्यात वापस आणतो."

"तुमचे उपकार आहेत भाऊ," माय म्हणाली. "पण पाण्याची गोष्ट नका काढू."

कोणाची चूक नव्हती. आजही मला कोणाचा राग आठवत नाही. फक्त पुष्कळ वर्षांनी, लग्न करून इकडे निघाले तेव्हा, सकुबाई सांगत होत्या की त्या हिवाळ्यात भाऊ रोज सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत घाटावर थांबायचे. कोणी उतारू नसला तरी. मायचं मन बदललं आणि मी पळत आले, तर डोंगा पलीकडे असायला नको म्हणून. ते ऐकल्यापासून मी थकले की मला तेच दिसतं. वाफेतून एक बांबू, आणि शेजारी वाट पाहणारा माणूस. मला कोणी एवढी वाट पाहण्याजोगी समजलं होतं, या गोष्टीवर मी इकडचे बरेच दिवस काढले आहेत.

तर आता मोठी की लहान.

इथं दिवसभर मी हेच पाहते. फॅमिली म्हणजे एकत्र. एकदा गर्दीत मी एका घरच्या माणसांना सवयीनं दोन बोटींत बसवायला गेले. त्यातले काका म्हणाले, "बायकोला दुसऱ्या बोटीत बसवताय? तेवढ्यानं काय होतंय, दुसऱ्या धरणात बसवा." सगळे हसले, मीही हसले, पण मॅनेजरनं नंतर बोलावून विचारलं, हे काय नवीन? काय सांगणार, आमच्याकडे दिवा लावायला माणूस ठेवतात म्हणून?

पण गावचा तलाव म्हणजे हे धरण नाही. इथं जीवरक्षक आहे, मोटरबोट तयार उभी असते, शिटी वाजली की धावतात. तिथं पाण्याखाली जुनी खोडं आहेत, शिंगाड्याचे वेल आहेत, मोटरचं पातं अडकलं की बोट जागच्या जागी उभी. मोठी बोट डुलत नाही, हे खरं. ती मधोमध बंद पडली तर तिच्याकडे जायला कोण आहे? एवढं मला कळतं. पण मायनं इतक्या वर्षांनी पाण्यावर यायचं म्हटलं आहे, आणि ते मोठ्या बोटीतच. मी लहान दोन म्हटलं की ती पुन्हा दारात उभी राहणार. दोन दिवस मी हेच घोळवत होते. जॅकेटचे पट्टे दोनदा दोनदा ओढून पाहत होते, लोक वैतागत होते.

शेवटी दिनेशला म्हटलं, बुधाजीभाऊंच्या घरी जा आणि त्यांच्या हातात फोन दे.

"कोण?"

"कुंदा बोलतो भाऊ, धरणावरून."

"धरणावून? पाणी सोडून राह्यली का काय? सोडशीन तं सांगून सोडजो, माहं जाळं लावलेलं आहे."

मी किती दिवसांनी अशी हसले. मग विचारलं, कोणती बोट घ्यावी?

"मले काय इचारतं! त्याच्यात सोफा आहे म्हणते. आमच्या घरी नाई सोफा अन् तलावात आहे. मजा आहे तुमची."

"भाऊ, एक सांगा. तुम्ही घरच्यायले दोन डोंग्यात काऊन बसवत होते? आजी म्हणे, एक बुडला तं दिवा लावाले कोणी राहावं म्हणून."

पलीकडे ते इतके हसले की खोकला आला. सकुबाईंचा आवाज आला, पाणी प्या आधी.

"तुही आजी लय लांबचा इचार करे," ते म्हणाले. "बुडल्यावर दिवा कोण लावते, हे मी कायले पाहू? मी डोंगा हाकणारा माणूस. अवो, मागच्या डोंग्यात आपलं माणूस असलं का तो डोंगा मदतीले येते. नाईतर काठाले जाते. बस, एवढंच आहे."

ते म्हणाले, "आहे का नाई फोनवर?"

"आहे."

"त्या पाहुण्यायचा राग नको करू कधी. त्यायचं सगळं गणगोत त्यायच्याच डोंग्यात होतं. त्यायनं फिरून पाहावं, असं पाण्यात होतं कोण त्यायचं? अन् आम्ही आलो, तं का आम्ही लय शूर होतो? तुहा बाप बसला होता ना माह्या डोंग्यात. त्यानं मले काठाले जाऊ देलं असतं का?"

फोन ठेवल्यावर मी धक्क्याच्या पायरीवर बसले. बोटी येत होत्या, जात होत्या, नवरा मला बघून मुद्दाम काही न विचारता माझ्या जागी जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं मी त्या रीतीला उरणाऱ्यांची रीत समजत होते. मायच्या डोंग्याकडे पाहायची भीती वाटायची, आणि पाहण्यासाठीच तर मला मागे बसवलेलं होतं. कशासाठी म्हणून कोण जाणे, मला त्या सुपाची फार आठवण आली.

दिनेशला सांगितलं, लहान दोन घ्या. आणि एकटी बोट कधी सोडायची नाही. दोन्ही सोबत, एक पुढे एक मागे, आणि घरची माणसं दोन्हींत वाटून.

"लोक मानतीन का?"

"नाई मानत. रीत आहे म्हणून सांगा. मंग मानते."

"तू तं तिथी जाऊन लय मोठी साहेब झाली," तो म्हणाला. मग थांबून, "अन् मायचं काय? तिले तू सांग. माही हिंमत नाई."

मायला फोन लावला तेव्हा ती खळ्यावर होती. सुपाचा आवाज येत होता, पाखडण्याचा. मी तिला सगळं सांगितलं. मोठी नाही, लहान दोन. तू आणि दिनेश एकीत. मी, जावई, लेकरं दुसरीत.

आवाज थांबला.

"सगळे सोबत म्हटलं होतं मी," माय म्हणाली.

"सोबतच आहो माय. मी मागच्या बोटीत राहतो. तुह्यावरून नजर नाई काढत."

मला वाटलं, गेलं. त्या सकाळचं दार दिसलं. मग सूप पुन्हा वाजायला लागलं, हळूहळू, आणि त्या आवाजातच ती म्हणाली, "मागूनच येजो मंग. पुढं नको जाऊ."

बैठकीत लहान दोन ठरल्या. माझी काळजी कमी झाली असं नाही. आता बोटी येतील, खोडं काढावी लागतील, हाकणारी मुलं शिकवावी लागतील, आणि काही झालं तर लोक म्हणतील कुंदानं सांगितलं होतं. अंग आंबून गेलं आहे, सुट्ट्या अजून संपलेल्या नाहीत. पण उन्हाळ्यात इथलं पाणी खाली जातं, काम थंडावतं, तेव्हा मी गावी जाणार आहे.

बुधाजीभाऊंनी जन्मभर लोकांना पलीकडे नेलं ते उभं राहून, सगळ्यांच्या पाठी पाहत. नाव ज्या बाजूला जाते त्या बाजूला तोंड करून, हात मांडीवर ठेवून, ते कधी बसलेले मी पाहिले नाहीत. पुढच्या बोटीच्या पुढच्या गादीवर मी त्यांना बसवीन. जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून पाहीन, ते चिडले तरी. सकुबाई दुसऱ्या बोटीत, माझ्याजवळ. आणि सकुबाईंची बोट मी हाकीन, भाऊंच्या मागे, तलाव संपेपर्यंत. भाऊ, एवढं मी तुमचं देणं लागते. ते मी देणार.